पाणी न पिण्याचा धंदा

मागच्या उन्हाळ्यात मला मुतखडा झाला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पाणी कमी पिता का तुम्ही?" मी उत्तर द्यायच्या आत माझी बायको हसायला लागली. दवाखान्यात असं हसणं बरं दिसत नाही म्हणून तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे थांबेनात. डॉक्टरांना वाटलं, बाईला रडू फुटलं. ते म्हणाले, "घाबरू नका हो, लहानच आहे खडा."

"खडा लहानच असन," ती कशीबशी म्हणाली, "पण ह्यायची गोष्ट लय मोठी हाये."

गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पाहुणे आले, जेवणं झाली, पानसुपारी फिरली की पुतण्यांचं फर्मान सुटतं, "काका, ते तुमचं पाण्याचं सांगा." मी सांगायला लागलो आणि कुठे अडखळलो, तर आतून एखादी सून चूक दुरुस्त करते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच ठेवावं. माझ्या मागे कुणी तिखटमीठ लावायला नको. लावायचं तेवढं मी लावून झालेलं आहे.

मी अगदी लहान असताना मला ताप आला आणि जाताना दोन्ही पायांतली ताकद घेऊन गेला. पाय आहेत. पण रुसून बसलेल्या जावयासारखे आहेत; सगळीकडे बरोबर येतात, कामाला म्हणून हात लावत नाहीत. आमचा मळा चिखलीच्या अगदी कडेला. वांगी, मेथी, मिरची, बांधाला शेवगा. हातांत लाकडाचे दोन ठोकळे धरायचे, त्यांवर भार द्यायचा, अंग उचलायचं आणि पुढे टाकायचं, अशी माझी चाल. दिसायला बेडकाची, पण बेडकाला कधी कुणी अडवलंय? विहिरीवर, गोठ्यात, शेजारच्या मळ्यात गाजरं उपटायला, मन जाई तिथे त्याच्या मागोमाग मी जाई. त्या उंचीवरून जग काही फार वाईट दिसत नाही. लोकांच्या चपला तेवढ्या ओळखीच्या होतात.

त्या चपलांचंच माझ्या दादाला दुःख होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर, मळा, दोन बैल आणि मी, एवढं सगळं त्याच्या अंगावर. यांपैकी माझ्यावर तो सर्वांत कमी ओरडत असे, आणि तेच मला कधीकधी टोचत असे. बैलांवर ओरडतो तसा माझ्यावर का नाही ओरडत?

तेव्हा महाराष्ट्र नवा नवा झाला होता. नवं राज्य म्हणजे नव्या घरासारखं असतं. जो येईल त्याला वाटतं, इथे एक खुंटी ठोकावी, तिथे एक कोनाडा करावा. आमच्या जिल्ह्यातही एक मंडळ निघालं. अपंगांनी कुणाच्या दारात हात पसरू नये, स्वतःचा धंदा करावा, असं त्या मंडळाचं म्हणणं. मी कुणाच्या दारात हात पसरत नव्हतो, वांग्यांत खुरपत होतो. पण चिखलीतून त्यांना एकजण हवाच होता आणि मी सापडलो. मंडळानं लाकूड, पत्रा आणि पहिला माल द्यायचा, घरच्यांनी एस.टी. स्टँडवर पानठेला उभा करायचा, असं ठरलं.

पानठेला काय असतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. चार पायांवर उभी केलेली लाकडाची पेटी, पुढे फळी, आत मांडी घालून बसलेला माणूस. सुतारानं दादाला विचारलं, "पाय किती उंच ठेवू?"

दादानं आपल्या छातीला हात लावला.

"एवढे?" सुतार म्हणाला. "बाकीच्याइचे त मांडीलोग असतात."

"असू दे. याचा जलम गेला लोकायच्या चपला पाहून," दादा म्हणाला. "आता लोकायनं मान वर करून पाह्यलं पाह्यजे याच्याकडं."

हे ऐकून वहिनीचे डोळे भरून आले. माझेही आले. आणि डोळे भरलेले असले की समोरचं दिसत नाही, ते असं. चढायचं कसं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही, कारण चढवायला दादा होता. उतरायचं कसं, हा प्रश्न मला पडला तो पहिल्याच दिवशी, चहाच्या वेळेला.

सकाळी दादा बैलगाडीत भाजीच्या पाट्या रचायचा, पाट्यांच्या मध्ये मला बसवायचा. स्टँडवर आलो की माझ्या काखेत हात घालून एकदा "हुप्प" म्हणायचा आणि मी ठेल्यात. मग तो मंडईत जाई, तिथून मळ्यात, आणि दिवेलागणीला मला उतरवायला येई. माझे ठोकळे ठेल्याच्या कोपऱ्यात पडून असत. जमिनीवर ते माझे पाय होते, वर नुसतं लाकूड.

पहिल्या दिवशी मी रोजच्यासारखा पोटभर ताक पिऊन आलो होतो. दिवस वर चढला आणि मला कळलं, की आपण एका मोठ्या अडचणीत बसलो आहोत. शेवटी स्टँडवरच्या एका हमालाला जवळ बोलावून कानात सांगितलं. माणूस भला. त्यानं मला पोत्यासारखं पाठीवर घेतलं आणि गर्दीतून ओरडत निघाला, "सरका, सरका! शेठले लागली हाये! घाई हाये शेठले!"

देऊळगाव राजाच्या गाडीसाठी थांबलेल्या बायाबापड्यांनी अदबीनं वाट करून दिली. एक म्हातारी तर म्हणाली, "जा रे बापा, बिगी जा." त्यानंतर कितीतरी दिवस जो तो पान तोंडात घालताना विचारी, "काय शेठ, आज कसं काय?" मी तेव्हा विशीतला. त्या वयात माणूस एक वेळ मरण पत्करील, हे नाही.

शेजारी मामाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक भट्टी, दोन बाकडी आणि मामाचं तोंड. सगळं स्टँड त्याला मामा म्हणे. त्यानं एकदा मला उतरवून पाहिलं. पण त्याची कंबर आणि माझं वजन यांचं जमलं नाही, आणि आम्ही दोघंही पानांच्या बादलीत बसलो. मामा महिनाभर कंबरेला फडकं बांधून हिंडत होता. मग त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"आत एखादा डबा ठेवायचा," असं माझा एक पुतण्या दर वेळी इथे मध्येच म्हणतो. बाबा रे, समोरून आणि दोन्ही बाजूंनी उघडा ठेला, पुढे गाडीची वाट पाहणाऱ्या बाया, आणि त्याच हातांनी पान लावायचं. तू तरी घेतलं असतंस का ते पान?

तेव्हा उपाय एकच उरला. आत काही घातलंच नाही, तर बाहेर काही यायचं कारण नाही. दिवेलागणीला घरी गेलो की काय ते पाणी प्यायचं, त्यानंतर दुसऱ्या दिवेलागणीपर्यंत थेंब नाही. सकाळची भाकर कोरडी, तीही नेटकी. गंमत अशी, की सगळ्या स्टँडवर माझ्याइतकं पाणी कुणाच्या हाताखाली नव्हतं. नागवेलीची पानं उन्हाळ्यात घटकेघटकेला भिजवावी लागतात. बादलीत हात बुडवायचा, पानांवर शिंतोडे मारायचे, लाल फडकं पिळून त्यांच्यावर पांघरायचं. पानं टवटवीत, आणि त्यांचा मालक जिभेनं टाळू चाचपतोय. हाताच्या कोपरावरून पाणी ओघळायचं आणि ते चाटायचं नाही, हा माझा नेम. दुपारी पत्रा तापला की डोक्यात आमची विहीर येई. तिच्या पायऱ्या, पायऱ्यांवरचं शेवाळ, खालचा गारवा. गिऱ्हाईक म्हणे, "अहो, चुना किती लावला!" आणि मी त्या विहिरीतून वर येई.

समोरून खामगावच्या गाड्या सुटत, बुलढाण्याच्या येत. माणसं चढत, उतरत, काही विसरलं म्हणून पुन्हा उतरत. किती सहज उतरतात माणसं! सगळ्या स्टँडवर न हलणाऱ्या वस्तू दोनच, वेळापत्रकाची पाटी आणि मी. पाटीला निदान कुणी पुसायला खाली काढी. आणि येणारा-जाणारा लेकराला माझ्याकडे बोट दाखवून सांगे, "पाह्य, पाय नाहीत, तरी कसा राजावानी बसला." लेकरू पाही. राजाही मान डोलावून हसे. हसण्याला पाणी लागत नाही.

दादाला का सांगितलं नाही, असं ज्याला त्याला वाटतं. सांगायला तो भेटे तेव्हा त्याचे हात माझ्या काखेत असत. सकाळी "हुप्प" म्हणून वर ठेवलं, की तो दोन पावलं मागे सरके, कंबरेवर हात ठेवून ठेल्याकडे पाही आणि स्वतःशीच म्हणे, "झकास." ही त्याची रोजची पूजा होती. त्या तोंडाकडे पाहून 'दादा, तू मला कुठे आणून ठेवलंस' असं म्हणायचं? गुरांनी मारलं तर ओरडता येतं. कुणी मायेनं कोंडलं तर ओरडायचं कुणाच्या नावानं?

वहिनीला संशय आला होता. मी ताकाचा पेला परत सारायला लागलो तेव्हा तिनं कंबरेवर हात ठेवला.

"भाऊजी, ताक काऊन नाही पेत? आंबट झालं काय?"

"नाही वो वहिनी. पोट जड वाटते."

"पोट कुठी हाये तुमाले? पाठीले जाऊन टेकलं ते," ती म्हणाली. "कोनी पोरगी त नाही ना पाह्यली स्टँडवर?"

मी लाजल्यासारखं केलं. तेवढीच सुटका.

अशी दोन वर्षं गेली असतील. मग मंडळाचा निरोप आला, की तपासणीचे साहेब येणार आहेत. दिलेल्या धंद्यामुळे माणसाचं जगणं किती सुधारलं, ते मोजायला. दादानं मला त्या दिवशी धुतलेली बंडी घातली. गाडी जुंपताना म्हणाला, "हे पाह्य लहान्या. खामगावकडच्या दोघाले असेच ठेले द्यायचे हायेत. साहेब तुह्या ठेल्याचा नमुना पाह्यले येऊन राह्यले. तू चांगलं सांगतलं त त्यायले भेटतीन. म्हनून काहीबी इचारलं त सोळा आणे म्हनजो."

"असेच?" मी विचारलं.

"असेच. एवढेच उंच," दादा अभिमानानं म्हणाला.

म्हणजे मी वाईट सांगितलं तर त्या दोघांचा धंदा जाणार, आणि चांगलं सांगितलं तर त्या दोघांचं पाणी.

साहेब बुलढाण्याच्या गाडीतून उतरले. मूळचे पुण्याकडचे. किडकिडीत, हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. ठेल्यासमोर उभे राहून त्यांनी वर पाहिलं. "नमस्कार. आपणच का ते?" दादाचं स्वप्न पुरं झालं, पुण्याचा माणूस मान वर करून माझ्याकडे पाहत होता. दादा मात्र अजून मंडईत होता.

'आपण'नं सुरुवात करणारं कुणी स्टँडवर आलं की मामा न सांगता दूध तापवी. तो चहा घेऊन आला. साहेबांनी कप हातात धरला आणि थांबले. "आपण नाही घेणार?"

"मी आत्ताच घेतला, साहेब."

"छे छे, असं कसं? मग मीही नाही घेत."

आमच्याकडे पाहुण्याला एकट्याला चहा पाजणं म्हणजे त्याला वाटेला लावण्यासारखंच. मामानं डोळे वटारले. मी चहा घेतला. कितीतरी दिवसांनी दिवसाउजेडी घोट घशाखाली गेला. काय सांगू, त्या चहानं आधी आनंद झाला. भीती मागून आली.

"मी निरनिराळ्या बाबी विचारीन," साहेब म्हणाले. "पूर्वी कसं होतं, आता कसं आहे. उत्तर आण्यांत द्यायचं. अगदी वाईट म्हणजे चार आणे, उत्तम म्हणजे सोळा."

"अन् मधातलं?" मामानं विचारलं.

"आठ किंवा बारा."

"साडेबारा आलं त?"

"साडेबारा येत नाही."

"मानसाचं येते साहेब. मानसाचं काय सांगता येते!"

साहेब हसले आणि त्यांनी सुरुवात केली. जेवण? सोळा आणे. कपडालत्ता? सोळा. घरात मान? सोळा. "झोप?" त्यांनी विचारलं, आणि मी म्हणायच्या आत मामा म्हणाला, "झोप त ठेल्यावरबी घेते साहेब, तीबी धरा. अठरा आणे होतीन." एक प्रश्न हिंडण्याफिरण्याचा होता. 'हिंडणं' एवढा शब्द साहेबांनी उच्चारला, त्यांची नजर माझ्या पायांवर गेली, आणि ते घाईनं म्हणाले, "हं, हे राहू द्या." भल्या माणसाचा संकोच. मला दुखवायचं नव्हतं त्यांना. जो एक प्रश्न माझ्या कामाचा होता तोच त्यांनी माझ्याविषयीच्या आदरानं ओलांडला.

तेवढ्यात दादा आला. हातात तांब्या. "तुह्या वहिनीनं ताक धाडलं साहेबांसाठी," मला म्हणाला. आणि घरच्या माणसानं स्वतः सांगितलेला चहा तोंडात पडला नाही तोवर पाहुणचार झाला असं आम्ही धरत नाही, म्हणून त्यानं मामाला पुन्हा चहाही सांगितला. ताकाचे दोन पेले भरले गेले. "आपण घेतल्याशिवाय मी नाही बुवा घेणार," साहेब म्हणाले. त्यांना ही युक्ती आता चांगलीच जमली होती. मग चहाचा दुसरा कप. दादा माझ्याकडे प्रेमानं, म्हणजे खालून वर, पाहत होता. "पे बे, लाजू नको."

मी प्यालो. आणि मग प्रश्नांचा अर्थ मला हळूहळू कमी कळायला लागला. शेजारपाजाऱ्यांशी संबंध? सोळा. भविष्याची चिंता? सोळा. "चिंता सोळा आणे?" साहेब दचकले. "नाही, नाही, चार. जे चांगलं असन ते लिव्हा साहेब." मी फळीला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. पाय रुसलेले असले तरी पोट माझ्याशी बोलत होतं, आणि ते ओरडून बोलत होतं.

इतक्यात साहेबांनी पेन खिशाला लावलं. "एक मिनिट हं, आलोच," म्हणाले, आणि स्टँडच्या मागच्या भिंतीआड गेले. चालत. आपल्या पायांनी, कुणाला न विचारता. मी त्यांना जाताना पाहिलं, वळताना पाहिलं, आणि हलक्या चालीनं परत येताना पाहिलं. आयुष्यात मी कुणाच्या शेताचा, घराचा, बैलजोडीचा हेवा केलेला नाही. त्या माणसाचा केला.

रुमालानं हात पुसत साहेब म्हणाले, "आता शेवटचा प्रश्न. एकंदर समाधान? किती आणे?"

दादा माझ्याकडे पाहत होता. ओठांनी 'सोळा' म्हणत होता.

"साहेब," मी म्हणालो, "समाधान मंग सांगतो. आंधी मले खाली उतरवा."

सगळे हसले. मामा म्हणाला, "उतरून कुठी जाता शेठ? शिंहासन सोडत असते काय कोनी?"

"मामा, पाया पडतो तुमच्या."

मामाचं हसू तसंच राहिलं. दादानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यानं काखेत हात घातले. या वेळी "हुप्प" नाही. तो मला घेऊन भिंतीआड गेला.

किती वेळ लागला ते लिहीत नाही. दादा मला धरून उभा होता, आणि बराच वेळ उभा होता. तेवढ्या वेळात त्याला सगळं कळलं असावं.

"सकाळपासून?" त्यानं विचारलं.

"हाव."

"रोज?"

मी मान हलवली. त्याच्या हातांची पकड एकदा सैल झाली आणि पुन्हा घट्ट झाली.

परत आलो तेव्हा त्यानं मला ठेल्यात ठेवलं नाही, मामाच्या बाकड्यावर ठेवलं. साहेब समोर बसले. आता आमचे डोळे एका रेषेत आले. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मग आपण रोज दिवसभर... म्हणजे, कसं करता?"

"करत नाही, साहेब."

"म्हणजे?"

"पानीच पेत नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मामा भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. मग साहेबांनी मागचं पान उलटलं. "मघा एक प्रश्न मी सोडला होता. हिंडणं-फिरणं. पूर्वी?"

"सोळा आणे," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"आणि आता?"

दादा बाजूलाच उभा होता. त्यानंच छातीएवढ्या उंच करवून घेतलेल्या ठेल्याच्या फळीला टेकून. दोन वर्षं मी जे गिळत होतो ते याचसाठी, की या माणसासमोर हे उत्तर द्यावं लागू नये. आता साहेब पेन धरून थांबले होते.

"चार लिव्हा साहेब," दादा म्हणाला.

खामगावची गाडी सुटली, तिची घंटी वाजली. मग मला त्या दोघांची आठवण झाली. "साहेब, ठेले द्या त्यायले," मी म्हणालो, "पन ठेंगने द्या."

साहेबांनी लिहून घेतलं. कुठे लिहिलं आणि किती आणे धरले, मला ठाऊक नाही. पण जाताना त्यांनी मला हात जोडले तेव्हा त्यांना मान वर करावी लागली नाही.

त्यानंतर दादा माझ्याशी बोलेना. भांडण नाही, काही नाही. सकाळी गाडी जुंपे, मला उचले, ठेल्यात ठेवी. "झकास" मात्र बंद झालं. दिवसातून दोनदा मळ्यातून यायला लागला, मला उतरवून न्यायला; काम टाकून, घामाघूम होऊन. मी "नको" म्हणालो तरी येई. आधी मी एकटा अडकलो होतो, आता दोघं. मळ्यात पाणी सोडलेलं असे आणि हा इकडे धावत. वाफे फुटले, मेथी सडली. वहिनी मला म्हणाली, "ते म्हनतात, त्यानं मले काऊन नाही सांगतलं? मी काय परका हावो त्याले?"

"काय सांगू त्याले, वहिनी?"

"मले काय इचारता? तुमी दोघंबी एका मायचे. एक पानी पेत नाही अन् एक तोंड उघडत नाही."

एके दिवशी गाडीत भाजीच्या पाट्या नव्हत्या. मुरूम होता, दगड होते, वर मी. स्टँडवर आल्यावर दादानं मला मामाच्या बाकड्यावर ठेवलं आणि ठेल्याच्या मागच्या बाजूला लांबलचक उतार घालायला घेतला. दगड लावले, मुरूम ओतला, पाणी मारलं, धुमसानं ठोकला. हमालानं मदत केली, तोच तो, 'सरका, सरका' ओरडणारा. मामा कंबरेला हात लावून सूचना देत होता. मागची फळी सुतारानं कापून तिला बिजागऱ्या लावल्या. मी म्हटलं होतं, पाय कापून ठेला खालीच आणा. पण तेवढं दादानं ऐकलं नाही. उंची राहिली. लोकांनी वर पाहायचं ते पाहतच राहिले.

मुरूम वाळला तेव्हा दादानं माझे ठोकळे माझ्या पुढ्यात टाकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो नीट बोलला. "चाल, उतरून दाखव."

मी उतरलो. ठोकळा पुढे, अंग मागून, बेडकासारखा. अर्ध्यावर थोडा घसरलो. दादा दोन्ही हात पुढे करून वाकला होता, पण त्यानं धरलं नाही. खाली आलो.

"घसरशीन एखाद् दिवशी," तो म्हणाला.

"घसरीन," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी दादा मला न्यायला आला तेव्हा ठेला रिकामा होता. फडक्याखाली पानं होती, अडकित्ता होता, मी नव्हतो. मी मामाच्या हॉटेलात भट्टीच्या पलीकडच्या बाकड्यावर होतो. मामानं मला डोळ्यानं खुणावलं, गप्प राहा. दादानं ठेल्याखाली वाकून पाहिलं. मागे जाऊन पाहिलं. "लहान्या! ए लहान्या!" त्याच्या आवाजात असं काही आलं, की मामाची मस्करी मला सोसवेना.

"दादा, इकडं!"

तो आला. "काऊन बे? आवाज द्याले काय झालं? मले वाटलं पडला कुठी!" आता तो माझ्यावर ओरडत होता, बैलांवर ओरडतो तसा, सगळ्या स्टँडसमोर. मला फार बरं वाटलं. त्याचे हात सवयीनं माझ्या काखेकडे आले आणि मध्येच थांबले. त्यांचं काय करावं ते त्याला कळेना. मग त्यानं ते गुडघ्यांवर ठेवले आणि बाकड्यावर बसला.

"मामा, एक चहा."

"अन् शेठले?"

"त्यालेच इचार," दादा म्हणाला.

"मले पानी," मी म्हणालो. "मोठा गिलास."

तो संपवला, मग आणखी एक. दादा चहा फुंकत माझ्या गळ्याकडे पाहत होता, जणू त्यानं कुणाला पाणी पिताना कधी पाहिलंच नव्हतं.

बैलगाडीला काही उतार नव्हता. तिथे उचलणं आलंच. दादानं काखेत हात घातले, "हुप्प" म्हणाला, आणि मध्येच थांबून दम घेतला.

"जड झाला बे."

"पानी पेलो ना," मी म्हणालो.